पेटीची पलीकडची बाजू

पांढुर्ण्यात पेटी शिकवणारी बाई म्हटलं की लोक माझंच घर दाखवत, आणि त्यात मला कधी संकोच वाटला नाही. शिकवणं मला येतं, हे मला ठाऊक होतं. अडचण एकच होती. परीक्षेला नागपूरला जावं लागे, आणि मुलींना कोणी तिकडे पाठवत नसे. तिगावच्या एका संत्रेवाल्या शेतकऱ्याची मुलगी चार वर्षं माझ्याकडे शिकत होती. तिचा हात इतका गोड, की शिकवायचं सोडून मीच ऐकत बसायची. तिच्या वडिलांनी मला तोंडावर सांगितलं, "बाई, पोरगी चांगली वाजवून राहिली, मले समजते. पण नागपूरले नाई पाठवत." त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा परीक्षाच पांढुर्ण्याला आणलेली बरी, असं मी ठरवलं.

ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात सौसरला पेटी शिकवणाऱ्यांचं संमेलन भरलं. परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे गुरुजी नागपूरहून येणार होते, आणि नवी केंद्रं कुठे द्यायची ते तेच ठरवणार होते. मी सकाळच्या बसने गेले. शाळेच्या सभागृहात सतरंज्यांवर सगळे पुरुष, बायका आम्ही तिघी. बोटं कशी ठेवावीत यावर एक गृहस्थ पाऊण तास बोलले, तेही पेटीला हात न लावता. मला जांभया आवरेनात.

जेवणानंतर गुरुजींनी केंद्र मागणाऱ्यांना एकेक करून वाजवायला बोलावलं. माझी पाळी आली. मी ताठ मानेने गेले, पदर खोचला आणि बसले, तर हशा पिकला. क्षणभर काही कळेना. मग पाहिलं, तर भाता माझ्यापुढे आणि पट्ट्या पलीकडे. मी पेटीच्या उलट्या बाजूला बसले होते.

नव्या मुलाला दोन्ही हात एकदम जमत नाहीत. म्हणून मी समोर बसून भाता मारते आणि मूल नुसती बोटं चालवतं. चुकलं, की पेटीवरून हात टाकून इकडूनच दाखवते. तिगावच्या मुलीला तर भाता कधीचाच जमत होता. समोर बसायची सवय सुटत नव्हती ती माझी.

उठून बाजू बदलणं सोपं होतं. पण हसणाऱ्यांचा मला राग आला, आणि रागात माझा हात जास्त चांगला चालतो. डाव्या हाताने भाता धरला, उजवा पेटीवरून पलीकडे टाकला आणि तशीच भूप वाजवायला लागले. खालचे सूर उजवीकडे, वरचे डावीकडे. एकही चुकला नाही. हशा केव्हा थांबला ते मला कळलं नाही.

गुरुजी म्हणाले, "आता सरळ बाजूने वाजवा."

"तिकडे माझी पोर बसते," मी म्हटलं. "ते ऐकायला पांढुर्ण्याला या."

उद्धटपणाच होता तो. परतीच्या बसमध्ये एकच विचार डोक्यात घोळत होता. माझ्या तोऱ्यापायी त्या पोरीची परीक्षा बुडाली तर तिला काय तोंड दाखवू?

महिन्याभराने केंद्र मंजूर झाल्याचं पत्र आलं. उन्हाळ्यात गुरुजी स्वतः आले आणि माझ्या बैठकीत बसले. मुलगी पेटीशी बसली, तशी मीही सवयीने तिच्यासमोर बसायला गेले. गुरुजींनी मला हातानेच थांबवलं. परीक्षेत शिकवणाऱ्याने खोलीबाहेर राहायचं, असा त्यांचा नियम होता.

ओसरीवर तिचे वडील टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मी त्यांच्याशेजारी उभी राहिले. माझ्या हातांना काय करावं ते सुचेना. आत पेटी सुरू झाली. सूर भरलेला, सलग, कुठे तुटला नाही की फुगला नाही. वडिलांनी थोडा वेळ ऐकलं, मग माझ्याकडे वर पाहिलं.

"बाई, तुमी त इथं उभ्या. मंग भाता कोन मारून राहिलं?"

"तीच," मी म्हटलं.