दोन गाठींची दोरी

आमच्या शेजारच्या आबांकडे शिकारी जातीची एक कारवानी कुत्री होती. लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेलं, रंगानं वाळल्या कडब्यासारखी. अनोळखी माणसाला वाटायचं, हिला कुणी खायला घालत नाही. प्रत्यक्षात आबा घरातलं दूध तिच्या भाकरीवर ओतायचे आणि स्वतः कोरा चहा प्यायचे. नदीकाठचा ऊस तुटून गेला की ससे फडातून निघून वरच्या माळावर जातात. त्या दिवसांत गावातले आम्ही तिघं-चौघं रिकामटेकडे गडी दिवस उजाडायला कुत्री घेऊन माळ धरायचो. सशाची शिकार हा गुन्हा आहे हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं. नाहीतर वाट सोडून बांधाबांधानं कशाला गेलो असतो?

गुडघे धरल्यापासून आबा कुत्री माझ्या हाती द्यायचे, दुसऱ्या कुणाच्या नाही. मला त्याचा भारी तोरा होता. देताना ते सुती दोरीला दोन गाठी मारायचे. सशामागं एक धाव झाली की एक गाठ सोडायची, दुसरी झाली की दुसरी. दोरी सरळ झाली, मग ससा पायात येऊन बसला तरी कुत्री बांधायची आणि घर गाठायचं.

"ससा दिसला की माणूस मोजायचं इसरतो," आबा म्हणायचे. "आन् कुत्री तर कवाच पुरं म्हणत न्हाई. ती मरस्तवर पळंल. थांबवायचं आपुन."

मागच्या वर्षी माघात केडगावहून माझा मेहुणा आला, बायकोचा भाऊ. रात्रीच त्याच्यापुढं मी कुत्रीच्या फुशारक्या मारल्या होत्या. हा गडी सकाळी चहा, आंघोळ, नाष्टा आटपून मोबाईल घेऊन माळावर आला, तेव्हा साडेदहा वाजले होते. दोन्ही धावा झाल्या होत्या. दोन्ही वेळा ससा निवडुंगाच्या जाळीत घुसला होता आणि मी दोरी सरळ करून कुत्रीला बाभळीखाली बसवलं होतं. तिची जीभ एका बाजूला लोंबत होती, तोंडाला चिकट फेस आला होता.

"दाजी, दोनातच दमली व्हय?" मेहुणा हसला. "आमच्याकडची चार-चार मारत्यात."

एवढंच. एवढ्याशा बोलण्यानं मला मिरची झोंबली. आणि तेवढ्यात पुढच्या बांधातून ससा उठला. कुत्री उभी राहिली, थरथरली, तिनं माझ्याकडं बघितलं. मी दोरी काढली.

ससा तिनं धरला. लांबून तोंडात घेऊन आली, माझ्या पायाशी ठेवला आणि तिथंच तिचे मागचे पाय गेले. मेहुणा व्हिडिओ काढत होता. मी तिच्या अंगावर बाटलीतलं पाणी ओतलं, पोट चोळलं, तासभर सावलीत बसलो. मग ती कशीबशी उठली. घरापर्यंतच्या वाटेत चार वेळा बसली.

आबा ओट्यावर होते. त्यांनी आधी कुत्रीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"किती झाल्या रं?"

"दोनच, आबा."

त्यांनी माझ्या हातातली दोरी घेतली, बोटांतून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. सरळ होती.

दुपारी आमच्या घरी ससा शिजला. मीही खाल्ला, आणि लाज वाटते सांगायला, पण चवीनं खाल्ला. कुत्रीवाल्याला मागची मांडी द्यायची पद्धत आहे, म्हणून संध्याकाळी डबा घेऊन गेलो. आबांनी ती मांडी तशीच तिच्यापुढं ठेवली. तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. सकाळी तिची लघवी काळ्या चहासारखी झाली. ढोरांचा डॉक्टर आला, सलाईन लावली, आणि त्यानंही विचारलं, "जास्त पळवली का?" आबा माझ्या आधी बोलले, "न्हाई हो, दोनच धावा." दुपारी ती गेली.

खड्डा मी खणला. आबा कडेला बसून होते. मला वाटलं, आता सांगावं. तोंड उघडलंही होतं. पण तेच म्हणाले, "माझंच चुकलं. वय झालं व्हतं तिचं. एकच गाठ मारायला पायजे व्हती." मी तोंड मिटलं आणि माती ओढली. पुढं वर्षभर पारावर कुणी कुत्रीचा विषय काढला की ते हेच सांगायचे, आणि मी मान खाली घालून तंबाखू मळत बसायचो. लोकांना वाटायचं, मला कुत्रीचं दुःख झालंय.

तिच्या शेवटच्या वेतातली एक पाट, म्हणजे मादी पिल्लू, आबांनी ठेवली होती. यंदा ती पळण्याजोगी झाली. परवा त्यांनी मला हाक मारून दोरी हातात दिली. तीच दोरी, एक गाठ.

"दोन नको. दोनात हिची आई गेली," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या हातात दिली नसती. तू मोजून पळवतोस."

मी तिला माळावर नेली आणि त्याच बाभळीखाली बसलो. समोरून एक ससा गेला. पोरगी दोरीला ओढ देऊन कुंईकुंई करत राहिली, पण मी दोरी मनगटाला गुंडाळून घेतली होती. ऊन चढल्यावर मी गाठ सोडली आणि घरी आलो.

आबांनी तिच्या छातीवर हात ठेवून बघितलं. जीभ बघितली. मग दोरी बोटांतून ओढली.

"झाली का धाव?"

"झाली, आबा."

"बघ, जरा बी दमली न्हाई," ते म्हणाले. "म्हंजी माझंच चुकलं व्हतं."