काळ्या काचांची लाल गाडी

गाडी घरी आणली त्या दिवशी नानांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, दार आणि पत्रा यांच्यामधल्या फटीवरून अंगठा फिरवला आणि ते आत जाऊन जेवायला बसले. नाना म्हणजे माझे वडील. सुरतेतल्या उधन्याच्या एका संचाखात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, ते मागांची दुरुस्ती पाहणारे मिस्त्री होते. मी हजिऱ्याच्या एका प्रकल्पात अभियंता म्हणून लागलो होतो आणि नव्वदच्या दशकाच्या मधल्या त्या वर्षांत आमच्या गल्लीत चारचाकी घेणारा पहिलाच होतो. गाडी छोटी, गोल तोंडाची, लालभडक होती. बाजारात ती नुकतीच आली होती आणि सुरतेच्या तरुणांनी तिला पाहताक्षणी शर्यतीची गाडी ठरवून टाकले होते. मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. नानांनी तिच्या निमित्ताने माझ्याशी बोलावे.

पहिल्याच रविवारी मी त्यांना डुमसच्या किनाऱ्यावर घेऊन गेलो. वाटेत मी सारखा बोलत होतो. इंजिन किती हलके आहे, गिअर कसा लोण्यासारखा पडतो, पुढच्या दिवाळीला आपण याच गाडीने आपल्या गावी, धुळ्याला कसे जाऊ, सगळे सांगितले. नाना खिडकीतून झाडे पाहत राहिले. त्यांनी हुंकारही दिला नाही. किनाऱ्यावर आम्ही समोरासमोर बसून टोमॅटोची भजी खाल्ली, तेव्हा मात्र ते मोकळेपणाने बोलले. भज्यांबद्दल, वाळूबद्दल, भजीवाल्याच्या मिशीबद्दलसुद्धा. परतीच्या वाटेवर पुन्हा तीच शांतता. त्यापुढच्या रविवारी मी किल्ली हातात घेऊन समोर उभा राहिलो, तर ते म्हणाले, "तू जा. माझी सायकल बरी."

माझ्या स्वभावात एक खोट आहे आणि ती पन्नाशी उलटल्यावरही पुरती गेलेली नाही. समोरचा गप्प राहिला की मी त्या गप्प राहण्याचा अर्थ स्वतःच लावतो, आणि तो अर्थ नेहमी माझ्याचबद्दल असतो. मला वाटले, नानांना गाडी क्षुल्लक वाटली. किंवा मीच क्षुल्लक वाटलो. मग ती अशी करू की त्यांना बोलल्यावाचून राहवणार नाही, असे मी मनाशी ठरवले.

उधना दरवाज्याजवळ गाड्या सजवून देणारे एक दुकान होते. मालक सुरती, तोंडात कायम मावा, आणि शहरातल्या प्रत्येक वस्तूची तुलना कापडाशी करणारा. त्याने गाडीभोवती फिरून निकाल दिला, "भाई, नवी गाडी एटले कोरी साडी. किनार तो मूकवी पडे ने." कोऱ्या साडीला काठ लावायलाच हवा, हे त्याचे म्हणणे मला फार पटले.

काठ लावायला सुरुवात झाली. आधी रुंद टायर आणि चकचकीत मॅग व्हील. मग स्प्रिंगा कापून गाडी जमिनीलगत बसवली. मूळचे स्टिअरिंग काढून छोटे, चामडे गुंडाळलेले स्टिअरिंग आले. मागे पंखासारखी पट्टी, पुढे पिवळे दिवे. सायलेन्सर बदलला, तेव्हा गाडी गल्लीत शिरताच समोरच्या काकू ओट्यावरून म्हणाल्या, "काय रे, तुमच्या घरात आता माग बसवला की काय? बापाचं खातं घरीच आणलंस." सगळे हसले. नाना तेव्हा ओट्यावर भाजी निवडत होते. ते हसले नाहीत. त्यांनी मान वर करून सगळ्यांची तोंडे पाहिली आणि मग थोडेसे हसले.

त्यानंतर मागच्या बाकाखाली मोठा स्पीकर आला आणि चारही काचांवर काळी फिल्म लागली. त्या दिवशी मात्र नाना स्वतः गाडीजवळ आले. मी बॉनेटखाली वाकून वायर पाहत होतो.

"काचा कशाला काळ्या केल्या?" ते म्हणाले. "आतला माणूस दिसत नाही."

मी वाकलेल्या अवस्थेतच उत्तर दिले की उन्हाचा त्रास होत नाही आणि हल्ली सगळे असेच करतात. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "बरं, नको सांगू," आणि निघून गेले. मी चकित होऊन त्यांच्या पाठीकडे पाहत राहिलो. मी तर सांगितले होते. मला वाटले, माझे उत्तर त्यांनी उत्तर म्हणून स्वीकारायलाच नकार दिला. इतक्या दिवसांनी ते गाडीबद्दल एक वाक्य बोलले आणि त्यात त्यांनी मला गर्विष्ठ ठरवल्याचे मी ऐकले: हा माणूस आता दिसेनासा झाला.

राहिला होता तो हॉर्न. ट्रकला असतो तसला हवेच्या दाबाचा हॉर्न मी एका रविवारी सकाळी घराच्या दारातच बसवत होतो. नाना गाडीसमोर उकिडवे बसून नंबरप्लेट पुसत होते. ते गाडीत बसत नसत, पण खात्यातून आणलेल्या सुताच्या गुंत्याने रोज गाडी पुसत असत. तेही मला त्या काळी टोमण्यासारखेच वाटे. मी आत, स्टिअरिंगखाली डोके घालून तार जोडत होतो. तार जोडली गेली आणि उठताना माझे कोपर बटणावर टेकले.

तो आवाज मी आजही विसरलेलो नाही. ओट्यावरचे पोर किंचाळून रडू लागले. समोरच्या काकूंच्या हातातले ताट पडले. रस्त्यावरचा सायकलस्वार सायकल टाकून बाजूला झाला. माझे स्वतःचे कान बधिर झाले. आणि माझ्या समोर, त्या भोंग्यापासून हातभर अंतरावर, नाना नंबरप्लेटवर तोंडाची वाफ सोडून ती शांतपणे पुसत होते. त्यांचा हात थांबला नाही. खांदा हलला नाही. पापणीसुद्धा नाही.

मग प्लेटवर कुणाची तरी सावली पडली म्हणून त्यांनी वर पाहिले. काकू हातवारे करत होत्या, लोक दारात आले होते, सगळे माझ्याकडे पाहत होते. नानांनी ते सगळे एका नजरेत पाहिले आणि मग ते दचकले. बऱ्याच उशिरा, नीट विचार करून दचकले. कपाळाला आठ्या घातल्या, कानावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "अरे, काय हे! माणूस मरेल ना."

मी गाडीतून उतरू शकलो नाही. लोक पांगले, नाना सुताचा गुंता घेऊन मागच्या दिव्याकडे गेले, आणि मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. जे पाहिले ते मला कळले होते. पण ते कळणे जिथे जाऊन बसायला हवे तिथे जागाच नव्हती.

काही वेळाने मी स्वयंपाकघरात गेलो. माय भाकरी थापत होती. आमच्या घरची बोली अहिराणी. एरवी इथे मी ती प्रमाण मराठीत लिहिली आहे, पण तिचे त्या दिवशीचे शब्द बदलावेसे वाटत नाहीत.

"माय, नानांना ऐकू येत नाही?"

तिचा हात थांबला नाही. "तुले आज समजनं का?"

"तुला माहीत होतं?"

"माले ठाऊक शे. काकूले ठाऊक शे. आख्खी गल्लीले ठाऊक शे."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

तिने भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे वळून पाहिले. "तू कवय त्यास्ना तोंडकडे दखीसन बोलना?" त्यांच्या तोंडाकडे पाहून तू कधी बोललास, असे ती विचारत होती. राग नव्हता तिच्या आवाजात. तिला खरोखरच उत्तर हवे होते.

मागाहून मला सगळे उलगडत गेले. संचाखात्यात शेकडो मागांच्या खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथली माणसे ओठांवरून आणि हातांवरून बोलतात, आणि तीच सवय घेऊन घरी येतात. आमच्या गल्लीत कुणाशी बोलायचे तर आधी त्याच्या खांद्याला हात लावायचा, समोर उभे राहायचे, तोंड मोठे उघडायचे. गावाहून आलेले पाहुणे आम्हाला भांडखोर समजत. अशा वस्तीत एक माणूस वर्षानुवर्षे बहिरा होत गेला तरी त्याचे काही अडत नाही. सगळेच जण तसे बोलतात. ओठ वाचून बोलणाऱ्या माणसाला चालत्या गाडीत शेजारी बसवून मी रस्त्याकडे पाहत बोललो होतो. मग काचाही काळ्या करून त्याचा उरलासुरला उजेड काढून घेतला होता.

मी एकटाच त्या घरातून वसतिगृहात शिकायला गेलो आणि हळू आवाजात, दुसरे काही करता करता बोलायची रीत शिकून आलो. ते मला सुसंस्कृतपणाचे लक्षण वाटे. हजिऱ्याची नोकरी लागली तेव्हा नाना अंगणातल्या नळावर पाठमोरे तोंड धूत होते. मी दारातून बातमी सांगितली. ते काही बोलले नाहीत, टॉवेल घेऊन आत गेले. ती गोष्ट मी मनात किती खोल पुरून ठेवली होती आणि तिच्यावर काय काय रचले होते, ते त्या सकाळी भाकरीच्या धुरात उभा असताना मला दिसले आणि मी हादरलो. माझ्या वडिलांशी असलेले माझे सगळे भांडण मी एकट्यानेच केले होते.

"कोनले सांगजो नको," माय म्हणाली. "मालकले कयनं ते गेटवर बसाडी देई." मालकाला कळले तर मिस्त्रीला फाटकावर राखणदार म्हणून बसवतील, ही तिची भीती होती. नानांची भीती वेगळी असावी. शिकलेल्या मुलाने आपल्याला बहिरा म्हणून ओळखू नये, एवढेच त्यांनी इतकी वर्षे जपले होते, आणि मला ते जपू द्यायचे होते. तरीही त्यांनी माझ्या शेजारी बसावे असेही वाटत होते. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसवाव्यात ते कळत नव्हते.

मी पुन्हा त्या दुकानात गेलो. फिल्म काढायला सांगितली तेव्हा मालक मावा चघळायचा थांबला. "अरे भाई, हमणां तो लगावी." आत्ताच तर लावली, असे त्याचे म्हणणे. मी आणखी एक काम सांगितले. मोटार शिकवणाऱ्यांच्या गाडीत एक जादा आरसा असतो, तसला छोटा आरसा स्टिअरिंगच्या पुढे, डॅशबोर्डवर हवा होता. डावीकडे बसणाऱ्याला गाडी चालवणाऱ्याचे तोंड दिसेल असा.

"लोग पीछे का देखने के लिए लगाते हैं," तो हिंदीवर आला. गिऱ्हाईक विचित्र वाटले की तो हिंदी बोले. "तुम्हारा मुँह किसको देखना है?"

"आहे एक जण," मी म्हणालो.

तो हसला आणि डोळा मिचकावून कामाला लागला. त्याचा समज मी तसाच राहू दिला.

रविवारी मी नानांसमोर जाऊन उभा राहिलो, खांद्याला हात लावला आणि म्हणालो, "चला, डुमसला जाऊ." त्यांनी माझ्या खांद्यावरून गाडीकडे पाहिले. स्वच्छ काचा पाहिल्या. चपला घातल्या आणि पुढे येऊन बसले.

गाडी मुख्य रस्त्याला लागली. मग मी आरशात पाहिले. तिथे नाना होते, माझ्याकडे पाहत. त्यांची नजर आरशावरून माझ्यावर आली, पुन्हा आरशावर गेली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तसा चेहरा मी त्यांचा कधीच पाहिला नव्हता. चोरी पकडली जावी तसा.

"गाडी थांबव," ते म्हणाले.

मी रस्त्याकडेला गाडी घेतली. ते उतरले. दार लावले. मला वाटले, संपले. ते चालत घरी जातील आणि पुन्हा माझ्याशी कधी बोलणार नाहीत, आणि या वेळी ते न बोलणे खरे असेल.

ते गाडीच्या पुढून वळून माझ्या बाजूला आले. खिडकीतून हात आत घातला, दोन बोटांनी आरसा किंचित खाली झुकवला, मान वाकडी करून पाहिले, पुन्हा केसभर फिरवला. मागात सूत नेणारा धोटा बसवताना ते फिरवत तसाच.

"नुसतं कपाळ दिसत होतं," ते म्हणाले. "तोंड नको दिसायला?"

मग फेरी मारून परत जागेवर येऊन बसले, हात मांडीवर ठेवले आणि आरशात माझ्या तोंडाकडे पाहत थांबले.

मी गाडी सुरू केली, गिअर टाकला, गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

"बोल ना," नाना म्हणाले.

"भूक लागली आहे का?" मी विचारले.

ते आरशाकडे पाहत राहिले, आपण वाचले ते बरोबरच वाचले ना याची खात्री करत. मग त्यांच्या मिशा हलल्या.

"एवढं बसवलंस ते हे विचारायला?" ते म्हणाले. "लागली आहे. आणि आधी हे सांग, चांगल्या गाडीच्या स्प्रिंगा कापायची अक्कल तुला दिली कुणी? कंबर मोडली माझी."

मी आरशाकडे तोंड केले आणि सांगू लागलो.