काळोखे बाईंचं फोल्डर

काळोखे बाई चहाला उठल्या तरी आधी कॉम्प्युटर लॉक करत आणि मग मॉनिटर भिंतीकडे वळवून ठेवत. कोथरूडच्या आमच्या ऑफिसात आम्ही नऊ माणसं. हाउसिंग सोसायट्यांचे करारनामे, ठराव, अर्ज तयार करून द्यायचं काम. चोरून पाहावं असं त्यात काय असणार? नवा होतो तेव्हा मी हसत हसत विचारलंही. बाई म्हणाल्या, “काही नाही ना? मग बघू नका.”

पंचावन्नच्या पुढच्या, कसब्यातून बसने येणाऱ्या काळोखे बाई ऑफिसातल्या सगळ्यात भरवशाच्या टायपिस्ट होत्या. मी कॉम्प्युटर सांभाळायचो. त्यांच्या मशीनवर एक जुना प्रोग्रॅम होता. दोन अक्षरं टाइप केली की अख्खं कलम उमटायचं, एक बटण दाबलं की अर्जाचे सगळे रकाने भरायचे. त्याच्या बारीकसारीक सूचनांच्या फाइली बाई स्वतः लिहीत. नवं काही बसवायला गेलो की त्यांचा प्रश्न ठरलेला. “सेव्ह झालं म्हणजे कुठं झालं?”

“क्लाउडवर.”

“म्हणजे दुसऱ्याच्या घरी. त्या घरात कोण कोण राहतं, माहीत आहे तुम्हाला?”

मला माहीत नव्हतं.

पुढे साहेबांनी त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती सगळ्यांसाठी घ्यायचं ठरवलं. वर्षाचं लायसन्स, ऑफिसचं एकच खातं, आणि सगळ्यांच्या फाइली एकाच ऑनलाइन जागेत. सगळ्यांनी फाइली दिल्या. काळोखे बाई म्हणाल्या, “माझं जुनं लायसन्स कायमचं आहे. माझ्या मशीनवर आहे तिथंच राहू द्या.” त्यांच्या फोल्डरला पासवर्डही होता.

साहेबांनी मला आत बोलावलं. “बाई बाहेरची कामं तर करत नाहीत ना? आपल्या पक्षकारांचे कागद त्या फोल्डरात जात नसतील कशावरून?”

“तसं काही नसेल” म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, “बघतो.”

एकदा बघायचं म्हटल्यावर सगळंच दिसायला लागलं. पर्समध्ये कायम पेनड्राइव्ह. कुणासमोर सही करायच्या नाहीत; कागद घेऊन जागेवर जायच्या आणि पाठ करून बसायच्या. चहाचा कपसुद्धा अर्धाच भरून मागायच्या, म्हणजे लवकर संपवून जागेवर जाता यावं म्हणून, असा माझा हिशेब. हे सगळं जोडून मी मनातल्या मनात बाईंना चोर ठरवून टाकलं.

एका दुपारी बाई निबंधक कार्यालयात कागद द्यायला गेल्या होत्या. सगळ्या मशीन्सच्या चाव्या माझ्याकडेच असल्यासारख्या; बाईंचा पासवर्डही त्यामुळे बाजूला सारता आला. मी फोल्डर उघडलं. एकाही पक्षकाराचा कागद नव्हता. नुसत्या चिमुकल्या फाइली. ‘एकच बटण क्षणभरात दोनदा दाबलं गेलं, तर एकदाच धर.’ ‘शेजारचं बटण सोबत लागलं, तर ते सोड.’ ‘माउस हलत राहिला, तर बाण जागेवर ठेव.’ जुन्या फाइलींत अशा सूचना दोन-चार, नव्यांत कितीतरी. मी तिसरी-चौथी फाइल वाचत असताना डोक्यात उजेड पडला. बाईंचे हात थरथरत होते.

मागे पर्स टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

“सापडलं?”

“बाई, मी...”

“साहेबांनी सांगितलं?”

“हो.”

“आणि तुम्ही ऐकलंत.”

मग हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, “चार वर्षं झाली. औषध चालू आहे. घरात मिळवती मी एकटी. हात थरथरणाऱ्या टायपिस्टला कोण ठेवतं?”

मी साहेबांना सांगितलं, त्या टायपिंगच्या सोयीच्या फाइली आहेत. विषय मिटला. पण काही महिन्यांनी बाईंचं मशीनच बंद पडलं. फाइली पेनड्राइव्हवर सुखरूप होत्या. लायसन्स मात्र त्या मशीनलाच बांधलेलं. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की जुनी लायसन्स आता दुसऱ्या मशीनवर नेता येत नाहीत. नव्या आवृत्तीत फाइली चालल्या असत्या, पण ऑफिसच्या त्या सामाईक जागेत ठेवूनच. आणि ते खातं साहेबांच्या नावाचं.

दोन दिवस बाईंनी नुसत्या हातांनी टाइप केलं. माझ्या जागेवर ऐकू यायचं. चार अक्षरं, आणि मग कितीतरी वेळ खोडणं.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, “चढवा फाइली.”

“साहेबांना दिसतील.”

“त्याआधी मीच दाखवते. तुम्हीही चला. अर्धं तुम्हाला माहीतच आहे.”

आत जाऊन त्यांनी कोरा कागद मागितला आणि साहेबांसमोर उभ्या उभ्या सही केली. बराच वेळ लागला. ‘काळोखे’ वाचता येत नव्हतं. “चार वर्षं झाली. त्या फाइली याच्यासाठी,” बाई म्हणाल्या.

“चार वर्षं असं?” त्यांनी विचारलं. “तुमची एक चूक आठवत नाही मला, बाई.”

“सापडली असती तर विसरला नसतात.”

साहेबांना हसू आलं. दुपारपर्यंत फाइली चढल्या. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं बाईंनी त्याच जागेवर काढली. साहेबांशी त्या पूर्वीसारख्याच वागत. माझ्याशी कामापुरतं बोलत.

शेवटच्या दिवशी निरोपाच्या भेटवस्तूंची पिशवी घेऊन मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. दोन-अडीच वर्षं न जमलेलं तिथं कसंबसं बोललो. “बाई, त्या दिवशी मी फोल्डर उघडायला नको होतं.”

त्यांनी पिशवी माझ्या हातून घेतली. कापत्या दोन्ही हातांनी. आता त्या लपवत नव्हत्या.

“विचारायचं होतंत,” त्या म्हणाल्या. “मी सांगितलं नसतं. पण विचारायचं होतंत.”