बियाण्याला राखलेलं वांगं

पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजणाऱ्या वांग्याचा तो गोडसर, धुरकट वास आला, की अजूनही मला आधी संताप येतो. भूक मागाहून लागते. याला कारण माझे मामेसासरे. त्यांच्याइतका हट्टी, आणि वांग्यांपुढे माणसांची पर्वा न करणारा गृहस्थ साऱ्या खानदेशात दुसरा झाला नसेल. यजमान लहानपणापासून या मामांकडेच वाढलेले, म्हणून धरणगावाजवळचं त्यांचं घर हेच माझं सासर. धुळ्याच्या देवपुरातल्या माहेराहून मी प्रथम तिकडे गेले, तेव्हा स्टेशनावर आणलेल्या बैलांच्या दमणीतली मऊ गादी मामांनी धुळ्याच्या वांग्याच्या रोपांखाली अंथरली आणि नव्या नवरीला उघड्या फळीवर बसवलं. चाक खड्ड्यात गेलं, की ते वळून कळवळ्यानं विचारीत, "लागनं का?" मी लाजून नाही म्हणे. पुढे केव्हातरी ध्यानात आलं, की विचारपूस रोपांची चालली होती.

त्यांचा ध्यास एकच. आमच्याकडचं भरताचं हिरवं वांगं म्हणजे लोण्याचा गोळा, पण झाडाला फळं मोजकी. धुळ्याचं काटेरी जांभळं झाड फळांनी वाकायचं, पण चव कडवट आणि आत नुसतं बी. या दोघांचे गुण एका झाडावर आणायचे! त्यासाठी मामा उमलू पाहणारी कळी सांजवेळी नाजूकपणे उकलून तिच्यातले पुंकेसर काढीत, सकाळी तिथं दुसऱ्या झाडाचा पराग लावीत, आणि मधमाशीनं मध्ये तोंड घालू नये म्हणून फुलाला मलमलीची टोपी घालीत. ती मलमल माझ्या माहेरच्या ओढणीची होती, हे मला वाफ्यात टोप्यांची रांग डुलताना पाहून समजलं. चाळीसगावच्या एका लग्नात त्यांनी पंगतीत भाजीची फोड बोटावर घेऊन इतका वेळ उजेडात धरली, की वधूपिता हात जोडून धावत आला. "नाना, काही चुकनं का?" मामा गंभीरपणे म्हणाले, "बी जून शे. झाड म्हातारं व्हयनं, उपटी टाका."

कित्येक हंगाम गेले. दर वर्षी नवी पिढी लावायची, चांगली झाडं निवडायची, बाकीची निर्दयपणे उपटायची. लोक त्यांना 'वांगेवाला' म्हणून हिणवीत, आणि मला मामांचा राग येई त्याहून त्या लोकांचा अधिक येई. अखेर एका वर्षी हवं तसं झाड आलं. हिरवी, तुकतुकीत, बोटानं टिचकी मारली तर मऊ घुमणारी फळं, आणि फांद्या भारानं जमिनीला टेकलेल्या. त्यातलं एकच फळ कळीपासून टोपीत राखलेलं, म्हणजे शुद्ध बियाण्याचं; बाकीच्यांत मधमाश्यांनी कुठला पराग मिसळला असेल कोण जाणे. ते झाडावरच पिवळं होईतो राखायचं होतं. खूण म्हणून मामांनी देवघरातला लाल दोरा त्याच्या देठाला बांधला, आणि घरात कुणापाशी अवाक्षर काढलं नाही.

आमच्या घरी चातुर्मासात वांगं वर्ज्य. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, की ते सुटायचं. आणि देवाच्या भरतासाठी मळ्यातलं सर्वांत देखणं वांगं लाल दोरा बांधून राखायचं, ही त्या घरची जुनी चाल; आपल्या ध्यासात मामा तीच विसरले होते! पंगत बसली. मामींनी लाकडी बडगीत ठेचलेल्या भरताचा वास अंगणभर दरवळत होता. "मामी, भरीत शे का लोणी! आखो वाढा!" म्हणत पाहुणे ओरपत होते. इतक्यात मामांना चुलीपाशी पडलेला दोरा दिसला.

"हाई कोन तोडं?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला.

मामी हसतमुखानं म्हणाल्या, "मी. लाल दोरा बांधेल व्हता. देवनं शे म्हनीसन तोडं."

मामांनी भरताकडे पाहिलं. बी कोवळं, दुधाळ. एकही दाणा रुजण्याजोगा नव्हता. त्यांनी नैवेद्याला हात जोडले आणि शेजारच्याला म्हणाले, "ल्या ना, आखो ल्या." त्या दोऱ्याचा खरा अर्थ मला तेव्हा उमगला, आणि सगळ्यांचा संताप आला: पाहुण्यांच्या ढेकरांचा, मामींच्या भाबडेपणाचा, आणि थोडासा, क्षमा असावी, देवाचाही.

दुसऱ्या सकाळी मी वाफ्यावर भांडायलाच गेले. "मामा, घरात एक शब्द सांगायला काय झालं होतं?"

"सांगं असतं, तर बठ्ठं गाव चाखाले उनं असतं," ते म्हणाले.

थंडी पडू लागली होती. त्या झाडाची उरलेली फुलं गळून मातीत जांभळी पडली होती. त्या हंगामात त्याला पुन्हा फळ धरलं नाही. पुढे मामा गेले, तोवर तसं झाड त्यांच्या मळ्यात परत आलं नाही. आताशा कुणी त्यांची थट्टा आरंभली, तर मी जागची उठते. कारण त्या सकाळी मामा बोटांनी नव्या वाफ्याची माती भुसभुशीत करत होते. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी हळूच विचारलं, "मामा, या वयात पुन्हा पहिल्यापासून? होईल का हे?"

मातीतली बोटं न थांबवता ते म्हणाले, "व्हई."