साखरेची नवरी

मूर्ती घडवणारे पेणमध्ये गल्लोगल्ली सापडतील. पण मूर्तीसारखी मिठाई घडवून तिला कुणी तोंड लावू नये म्हणून जिवाचं रान करणारा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात एकच : माझ्या बायकोचे मामा. नागोठण्याजवळच्या कंपनीत शिफ्टा करून निवृत्त झाले आणि खोबरं, खवा, काजू-साखरेच्या गोळ्यात हात घातला तो घातलाच. रंगकामाचे बारीक ब्रश जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यातून आणत आणि पिस्त्याच्या कापांनी मोराला पिसारा लावत. त्यांच्याकडे गेलं की आधी हात धुवायला लावून मिठाई दाखवत आणि मग खायला बिस्किटं देत. एका बारशाला त्यांनी खव्याचा पाळणा केला होता. बाळाच्या पणजीने त्याचा तुकडा मागितला, तर म्हणाले, "आजी, तुम्हाला गोड चालत नाय." आजींना साखरेचा आजार कधीच नव्हता.

मामी लवकर गेल्या. एकुलत्या मुलीला मामांनीच वाढवलं. तिचं लग्न रोह्याला ठरलं तेव्हा त्यांनी रुखवतात मांडायला अख्खी वरातच करायला घेतली. सनईवाला, घोडा, घोड्यावर नवरदेव आणि मागे हिरव्या शालूतली बोटभर नवरी. लग्नाच्या दिवशी टेम्पोच्या मागच्या बाजूला ते वरातीची परात मांडीवर घेऊन बसले आणि प्रत्येक खड्ड्याला ओरडत राहिले, "सावकाश रे, नवरदेव पडेल." नवरदेव तर रोह्यात आहे असं ऐकलेला ड्रायव्हर वाटभर आरशात बघत होता.

हॉलमध्ये परात मांडली आणि मामांनी वरचे पंखे बंद केले. वाऱ्याने खव्याला तडे जातात म्हणे. व्याही नम्रपणे म्हणाले, "अहो, माणसं उकडून निघाली."

"माणसांना पाणी पिता येतं," मामा म्हणाले. "घोड्याला नाय येत."

कन्यादानाची वेळ झाली. गुरुजींनी दोनदा हाक मारली, मी जाऊन सांगितलं, पण मामा परातीपासून हलेनात. शेवटी पिवळ्या साडीत, मुंडावळ्या सावरत मुलगीच आली.

"बाबा, गुरुजी थांबलेत."

"मी हललो की लोक तोडतील गो. परत असं जमायचं नाय."

ती क्षणभर वरातीकडे बघत राहिली. मग तिने ती बोटभर नवरी उचलली, मधोमध मोडली, अर्धी आपल्या तोंडात टाकली आणि अर्धी बापाच्या तोंडात घातली. "झालं? आता चला." दोघांचाही कन्यादान होईपर्यंत उपास होता, पण गुरुजींनी शहाणपणाने दुसरीकडे पाहिलं. मामा तिच्यामागून गेले. पाण्याची धार सोडतानाही त्यांच्या तोंडातला घास तसाच होता.

जेवणं होईपर्यंत पाहुण्यांनी घोड्यासकट वरात संपवली. मामांनी कुणाला अडवलं नाही. उलट पंखे लावायला सांगितले.

संध्याकाळी मुलीची पाठवणी करून आम्ही परतलो. मामा टेम्पोत पुढे माझ्या शेजारी बसले होते. रोहा मागे पडल्यावर म्हणाले, "जावईबापू, सकाळी चहाबरोबर काही खाल्लं नाय तर तिचं डोकं दुखतं. तिकडे कुणाला सांगायचं राहिलं."

मी म्हणालो, "ती सांगेल की."

"ती नाय सांगायची," मामा म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.