ताईची किडनी

लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या ताईच्या जिभेला हाड नव्हतं. कॉलर मळकी दिसली की गिऱ्हाइकाची हजेरी घेतलीच म्हणून समजा. पण तिचा खरा धाक धाकट्या भावाला. हा प्लंबर. अख्ख्या वस्तीचे नळ दुरुस्त करायचा आणि स्वतः मात्र पाणी प्यायला विसरायचा. ताई रोज विचारायची, "माझ्या किडनीला पाणी पाजलंस का?" किडनी खरंच तिची होती. त्याच्या दोन्ही निकामी झाल्या तेव्हा तिने आपली एक दिली होती, आणि दिलेली वस्तू विसरणाऱ्यांतली ती नव्हे.

पुढे भावाला कॅन्सर झाला. मानेवर गाठी आल्या. डॉक्टरांनी एक नवी लस सुचवली, अजून चाचणीत असलेली. शरीरात मदतनीस पेशी असतात. लस त्यांना जागं करते आणि त्या इतर पेशींना कॅन्सरच्या अंगावर सोडतात. पण परकी किडनी टिकावी म्हणून भाऊ ज्या गोळ्या घेत होता, त्या याच पेशींना झोपवून ठेवत होत्या. गोळ्या कमी केल्या तर जाग्या झालेल्या पेशी किडनीवरही उठणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

भाऊ मूग गिळून बसला. शेवटी भावजयीनेच रडतरडत ताईला सगळं सांगितलं. ताई हातातलं काम टाकून तडक त्याच्या घरी गेली.

"ताई, तुझी वस्तू मी माझ्या हाताने घालवणार नाही," तो म्हणाला.

"गाढवा, तू गेलास तर ती काय मला परत मिळणार आहे? घे ती लस."

गोळ्या कमी करून त्याने ती घेतली. ताप भरला, हळूहळू गाठी बसल्या. लघवीही कमी होत गेली, पाय सुजले आणि त्याचं डायलिसिस सुरू झालं. भेटायला येणारा जो तो म्हणे, कॅन्सर तर गेला, सुटलात बाई एकदाच्या. ताई मान हलवायची. पण तिला फार वाईट वाटत होतं. भाऊ जिवंत समोर असताना आपण किडनीसाठी झुरतोय, याची तिला लाज वाटायची, म्हणून ती कुणापाशी बोलली नाही.

एकदा डायलिसिस चालू असताना तिने हळूच नर्सला विचारलं, बंद पडलेली किडनी आता काढून टाकणार का. नर्स म्हणाली, त्रास देत नसेल तर शक्यतो आतच ठेवतात.

भावाने डोळे मिटलेले होते, पण तो जागा होता. "त्रास दिला तरी काढू नका," तो म्हणाला.

"याचं काही ऐकू नका," ताई नर्सला म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.