ताईच्या बोटांवरची हळद

मी पन्नाशी उलटलेला माणूस. भूत, संकेत असलं काही कोणी सांगायला लागलं की विषय बदलणारा. पण दोन वर्षं झाली, हे कुणाला तरी सांगायलाच हवं...

आम्ही सुकापूरला राहतो. माझी थोरली बहीण ताई जवळच्याच कोन गावात दिलेली. बायकोची नोकरी, म्हणून माझी मुलगी पूर्वा शाळेत जाईपर्यंत ताईकडेच वाढली. ताईचे यजमान लवकर गेले.

पूर्वाच्या हळदीला ताईनेच सकाळी हळद कालवली. वासासाठी त्यात गव्हला-कचोरा घालायची आमच्याकडे तिलाच सवय. हळद लावायची वेळ झाली तशी ती वाटी घेऊन पोरीकडे निघाली. मी आडवा गेलो.

"ताई, हळद सवाष्णी लावतील. पाव्हणे बघतायत. तू आत बस ना जरा."

ती हसली. "बसते रं. तुजे सोयरे मोठी मानसं, मी कशाला तोंड दाखवू?"

आणि तिने मोरीत जाऊन हात घासून घासून धुतले. मी बघत होतो.

चार महिन्यांनी ताई गेली. नऊ दिवस आयसीयूत होती – शुद्धीवर नव्हती. कोनला घरी आणली, बायका आंघोळ घालत होत्या, तेव्हा बायकोने मला आत बोलावलं.

"हात बघा ताईंचा."

उजव्या हाताची बोटं पिवळी. नुसता डाग नाही, ओली हळद. वाकलो तर गव्हला-कचोऱ्याचा वास.

तिच्या मुलाला, नितीनला विचारलं. तो म्हणाला, "मामा, नऊ दिवस घरात चूल पेटली नाय. हलद कोन कालवनार?"

शेजारची एक म्हातारी पुटपुटली, "धुवा गो तो हात. विधवा बाई ती."

कुणीतरी तांब्या उचलला. तेवढ्यात पूर्वा पुढे झाली, आत्याचा हात तिने उचलला आणि स्वतःच्या गालाला लावला.

बायका माझ्याकडे बघायला लागल्या – हा काय म्हणतोय...

मी म्हणालो, "लावू दे तिला."

पूर्वाच्या गालावर चार बोटं उमटली.

डॉक्टरांना विचारलं, नर्सला विचारलं. ती हळद कुठून आली, मला अजून कळलेलं नाही. एवढंच कळतं, की हे तीन शब्द मी चार महिने आधी बोललो असतो, तर ताईने ते ऐकले असते.